उपजत की शिकलेलं? शिक्का मारण्याआधी या चुका टाळा

प्राणिवर्तनावरचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प मी बरीच वर्षं तपासतोय. पहिल्या पानावर प्रश्न असतो, अमुक वागणं उपजत की शिकलेलं? शेवटच्या पानावर दोनपैकी एक शिक्का मारलेला असतो. मधल्या पानांत निरीक्षण थोडं आणि घाई फार. चुका दरवर्षी त्याच, म्हणून आता लिहूनच काढतो.

सगळ्यात मुरलेली चूक म्हणजे "कुणी शिकवलं नाही, म्हणजे उपजतच". ही मी स्वतः केली आहे. नुकतेच डोळे उघडलेलं, आई नसलेलं मांजरीचं एक पिल्लू माझ्याकडे आलं. ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं, दुसरं मांजर त्याच्या नजरेला कधी पडलं नाही. महिन्याभराचं झाल्यावर वाळूच्या ट्रेमध्ये ठेवलं तर त्याने खड्डा उकरला, बसलं, मागे वळून वास घेतला आणि पंज्याने वाळू लोटून झाकलंसुद्धा. पुढे दोरीच्या टोकावर दबा धरायला लागलं. पोट जमिनीला टेकलेलं, कान पुढे, मागचा भाग डुलतोय, आणि मग झेप. मी वहीत ठसठशीत लिहिलं : 'शिकार – संपूर्ण उपजत'.

काही महिन्यांनी घरात उंदीर शिरला. दबा तसाच, झेपही तशीच. उंदीर पंज्याखाली आला आणि गाडी तिथेच अडली. मानेला धरणं नाही, दात रोवणं नाही. त्याने पंजा उचलून उंदराचा वास घेतला, हलकेच एकदा थापटलं. उंदीर कपाटाखाली पळाला आणि पिल्लू कपाटासमोर बराच वेळ बसून राहिलं. 'संपूर्ण' हा शब्द मी त्याच रात्री खोडला.

शिकार हा आपल्या दृष्टीने एक शब्द. मांजरासाठी त्यात दबा, झेप, पकड, मारणं, खाणं अशा कितीतरी गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीची वाट निराळी असू शकते. झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञाने १९३० साली मांजरीच्या पिल्लांचे तीन गट केले होते. उंदीर मारणाऱ्या आईसोबत वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ जणांनी उंदीर मारले. एकटी वाढवलेली २० होती, त्यांतल्या ९ जणांनी मारले. उंदरांच्याच संगतीत वाढलेल्या १८ पैकी फक्त ३ जणांनी. आता यातल्या नऊ आणि तीन या आकड्यांवर एकच शिक्का कुठे मारणार? म्हणून माझी सवय अशी : निष्कर्षाचं नाव काढण्याआधी वागण्याची क्रियापदं करायची, आणि प्रत्येक क्रियापदाला वहीत वेगळं पान द्यायचं. कंटाळवाणं आहे. पण ज्यांना हा कंटाळा सोसवत नाही त्यांच्या प्रकल्पात मला काही सापडतही नाही.

पक्ष्यांच्या स्थलांतराबाबतही हेच. पेर्डेक या डच शास्त्रज्ञाने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेदरलँड्समध्ये पकडलेले ११ हजारांहून जास्त स्टार्लिंग (साळुंकीच्या कुळातले पक्षी) स्वित्झर्लंडला नेऊन सोडले होते. पहिल्यांदाच प्रवासाला निघालेले तरुण पक्षी आपली नेहमीची दिशा धरून थेट स्पेन आणि दक्षिण फ्रान्सकडे गेले. आधी प्रवास केलेले मोठे पक्षी मात्र वळले आणि हिवाळ्याच्या ओळखीच्या प्रदेशाकडे निघाले. दिशा घेऊनच जन्माला आलेले, पण चुकलेली वाट सुधारायला अनुभव लागलेला.

दुसरी चूक, जिच्यावर माझा विशेष राग आहे : अनुभव जन्मानंतरच सुरू होतो असं धरून चालणं. "पिल्लू अंड्यातून बाहेर आलं आणि लगेच आईच्या हाकेकडे धावलं, शिकायला वेळच कुठे होता?" वेळ होता की! बदकाचं पिल्लू अंडं फुटण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून आत आवाज काढत असतं, स्वतःचा आणि शेजारच्या अंड्यांतल्या भावंडांचा आवाज ऐकत असतं. गिल्बर्ट गॉटलिब या अमेरिकन शास्त्रज्ञाने अंड्यातच काही पिल्लांचा आवाज बंद केला आणि त्यांना एकेकटं ठेवलं. बाहेर आल्यावर त्या पिल्लांना आपल्या जातीच्या आईची हाक आणि कोंबडीची हाक यांतला फरक नीट करता येईना. मुद्दाम कुणी शिकवलं नव्हतं, तरी ऐकण्याचा अनुभव लागतच होता. म्हणून "आम्ही प्राणी एकटा वाढवला" असं कुणी सांगितलं की मी विचारतो, नेमकं काय काढून घेतलं? स्वतःचा आवाज, स्वतःचे पाय, उजेड, ऊब, हे सगळं त्याच्याजवळ होतंच ना?

उलट्या बाजूची चूक थोडक्यात. वागणं दिवसागणिक सुधारतंय म्हणजे ते सरावानेच, असं नसतं. ग्रोमान या संशोधकाने १९३९ साली कबुतरांची पिल्लं अरुंद नळ्यांत वाढवली, त्यांना पंख फडफडवायलाच मिळालं नाही. सोडल्यावर ती मोकळ्या वाढलेल्या पिल्लांइतकीच उडाली. शरीर पिकायला लागणारा काळ आणि सरावाचा काळ वेगळे मोजा.

"आईसारखंच वागतं, रक्तातच आहे." उंदरांत काही माद्या पिल्लांना भरपूर चाटतात, काही कमी, आणि लेकी आईच्या वळणावर जातात. पण मायकेल मीनी हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणारीकडे दिली, तर त्या लेकी मोठ्या होऊन जास्त चाटणाऱ्या झाल्या. पिल्लांची अदलाबदल केल्याशिवाय 'रक्तात' हा शब्द वापरू नका.

एका जातीवरून दुसरीवर उडी नको. पांढऱ्या पट्ट्याच्या डोक्याच्या अमेरिकन चिमणीला लहानपणी मोठ्यांचं गाणं ऐकायला मिळालं नाही तर ती बेढब गाते. कोकीळ परक्या घरट्यात वाढूनही आपलंच गाणं गातो. दोघेही पक्षीच.

"साठ टक्के जनुकं, चाळीस टक्के संगोपन" असं एका प्राण्याबद्दल लिहूच नका. असे आकडे एखाद्या समूहातले फरक कशामुळे पडले एवढंच सांगतात, तेही त्याच परिस्थितीपुरतं. प्रश्नच बदला : हा आणि तो वेगळे वागतात, तो फरक कुठून आला?

आणि मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरावा म्हणून जोडू नका. त्या प्राण्याने त्याआधी काय पाहिलं, ऐकलं, खाल्लं, हे चित्रीकरण करणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसतं.