बाहुली, थेंब आणि रक्तवाहिन्यांची रुंदी : माझा अनुभव

दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्याच्या) छायाचित्रांवरून रोहिण्या व नीलांची रुंदी मोजण्याचे काम करताना एकाच रुग्णाच्या दोन भेटींतील आकडे जुळत नव्हते. दुसऱ्या भेटीत रोहिण्या अरुंद दिसत होत्या आणि मी आधी रक्तदाबालाच दोष दिला, तो उतावळेपणाच होता.

जुन्या नोंदी चाळल्यावर उलगडले की पहिले छायाचित्र बाहुली मोठी करणारे थेंब न घालता, तर दुसरे ते थेंब घालून घेतले होते. लहान बाहुलीतून प्रकाश कमी पोहोचतो, कडा अंधूक होतात आणि सॉफ्टवेअरला वाहिनीची सीमा नेमकी कोठे संपते हे ठरवणे कठीण जाते. म्हणजे फरकाचा काही भाग तरी प्रतिमेच्या दर्जातून आला असावा. शिवाय आमच्या थेंबांत बाहुली मोठी करणाऱ्या ट्रॉपिकामाइडबरोबर फिनाइलेफ्रीन होते, जे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध आहे. या दोन कारणांचा वाटा वेगळा काढणे मला जमले नाही.

त्यामुळे पद्धतच बदलली. आता प्रत्येक भेटीत तेच थेंब, थेंबांनंतर तितकाच वेळ आणि तोच डोळा ठेवतो. हृदयाच्या ठोक्यागणिक वाहिनीची रुंदी किंचित बदलत असल्याने तीन छायाचित्रांची सरासरी घेतो. अर्थात, थेंबांपूर्वी डोळ्याचा कोन (डोळ्यातील द्रव बाहेर पडण्याची जागा) अरुंद नाही ना, हे नेत्रतज्ज्ञच पाहतात. थेंबांशिवायची जुनी छायाचित्रे मात्र मी तुलनेतून वगळली आहेत.