भाषा मखमली, कथानक गळकं: व्हॅम्पायर प्रेमकथा लिहिताना या चुका टाळा

‘उपवनच्या पाण्यावर संध्याकाळ सांडली होती आणि त्याच्या डोळ्यांत ती पहिल्यांदाच उजाडत होती.’

समजा, तुमच्या कादंबरीत हे वाक्य आहे. वाचायला गोड आहे, कुणीतरी स्टेटसलाही ठेवेल. अडचण एवढीच, की प्रसंग ठाण्याच्या उपवन तळ्याकाठचा, मे महिन्यातला आहे, घड्याळात सहा वाजलेत आणि दोन प्रकरणं आधी याच नायकाने सांगितलंय की उन्हाची तिरीप अंगावर आली तर त्याची राख होईल. मे महिन्यात ठाण्यात सूर्य मावळायला सात वाजतात. म्हणजे तळ्याकाठी फक्त राख उरायला हवी होती. वाक्य छान जमलं म्हणून नायक वाचला.

टीनएज व्हॅम्पायर रोमान्सची निम्मी दुखणी इथून सुरू होतात. ज्याची भाषा कच्ची, त्याच्या कथानकातली भोकं चटकन दिसतात आणि बुजवलीही जातात. पंचाईत होते ती चांगलं लिहिणाऱ्यांची. ‘हा इथवर आला कसा?’ असा प्रश्न लिहिताना पडतो, उत्तर सुचत नाही, मग हात आपसूक चांदण्याकडे वळतो. म्हणून माझा पहिला सल्ला जरा उलटा आहे. तुमची सगळ्यात लाडकी दहा वाक्यं अधोरेखित करा आणि भोकं तिथेच शोधा. बहुतेक वेळा सापडतात.

आधी पंचनामा, मग शैली

प्रत्येक प्रकरण पोलिसी पंचनाम्याच्या भाषेत पाच-सहा ओळींत उतरवा. वार, वेळ, जागा, कोण कशाने आलं, कुणी पाहिलं. विशेषणांना बंदी. बाल्कनीतल्या भेटीचं गाजलेलं प्रकरण मग असं दिसतं:

‘मंगळवार, रात्री अकरा. घोडबंदर रोडवरची सोसायटी, आठवा मजला. मुलगी खोलीत. मुलगा बाल्कनीत आला. कसा आला: नोंद नाही. वॉचमन: उल्लेख नाही. सीसीटीव्ही: उल्लेख नाही. आई हॉलमध्ये टीव्ही बघत होती. दोघं पाऊण तास बोलली. विषय: अनंतकाळ.’

हसू आलं ना? मूळ प्रकरण वाचताना आलं नव्हतं. भाषेने सांभाळून घेतलं होतं.

नियम उसने आणले, हवामानही उसनं आणलं

व्हॅम्पायरचे नियम काही दगडावर कोरलेले नाहीत. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’मधला काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर दिसतो, फक्त दिवसा त्याची ताकद आटलेली असते. उन्हाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना रुळली ती १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटानंतर. तेव्हा कुठला नियम घ्यायचा याची मोकळीक तुम्हाला आहे. एकदा घेतला की मात्र तो शेवटच्या पानापर्यंत पाळायचा.

आणि तो ठाण्यात पाळायचा, ही खरी परीक्षा. कायम धुक्यात बुडालेलं परदेशी गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं की आपल्याकडचं ऊन विसरायला होतं. जून ते सप्टेंबर ढग तुमची बाजू घेतील. ऑक्टोबर हीटमध्ये नायक काय करणार? जून महिन्यात सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, डिसेंबरात सहाच्या आसपास येतो. म्हणजे हिवाळ्यात या जोडप्याला संध्याकाळचा तासभर जास्त मिळतो. पंचांग किंवा कॅलेंडर उघडलं तर हा तास दिसतो आणि त्याचं कथेत सोनंही करता येतं.

वरचं उपवनचं वाक्य वाचवायचं असेल तर तेही जमेल. उपवनच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत. सूर्य क्षितिजाखाली जायच्या आधीच डोंगराआड होतो आणि तळ्यावर सावली येते. आता लिहा: तो झाडाखाली उभा आहे, डोंगराची सावली पाण्यावरून पुढे सरकतेय, ती समोरच्या काठावर अजून उन्हात आहे, आणि सावली तिच्या पायाशी पोहोचेपर्यंत तो हलू शकत नाही. वेळ साडेसहाची करा. नियम पाळला गेला, प्रसंगात ताण आला, आणि तलावपाळीच्या तळ्याऐवजी उपवनच का, याचंही उत्तर मिळालं. तुमच्या भाषेला आता खरं काम लागलं.

‘आत ये’ कुणी म्हणायचं?

घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही, हा जुना नियम बहुतेक जण ठेवतात आणि मग बाल्कनीतून आत घेतात. अहो, सोसायटीचं गेट असतं! वॉचमनने इंटरकॉमवरून विचारलं आणि आजीने ‘पाठवा वर’ म्हटलं, तर ते आमंत्रण धरायचं का? मोबाइल ॲपवर कुरिअर समजून कुणी ‘अप्रूव्ह’ दाबलं तर? भाडेकरूने बोलावलेलं घरमालकाच्या घराला चालतं का? नुसत्या या नियमावर दोन प्रकरणं उभी राहतील. लेखक ते सोडून परत चंद्राचं वर्णन करत बसतात.

खाडीकडे दुर्लक्ष

स्टोकरचाच आणखी एक नियम आहे, जो हल्लीच्या प्रेमकथांत फारसा कुणी वापरत नाही. वाहतं पाणी व्हॅम्पायरला हवं तेव्हा ओलांडता येत नाही, फक्त भरतीला किंवा पाणी थबकलेलं असताना येतं. आता नकाशा बघा. ठाणं साष्टी बेटावर आहे. ऐरोली पलीकडच्या तीरावर. ट्रान्स-हार्बर लोकलने जा, कळव्याच्या पुलावरून जा की ऐरोलीच्या, खाडी चुकत नाही. नायक ठाण्यात, नायिका ऐरोलीत, एवढं ठरवलंत की कथानक अर्धं झालं.

समजा, तुम्ही या नियमातली फक्त भरती ठेवलीत. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. आज तो आठला आला तर उद्या नऊच्या आसपास, परवा साडेनऊच्या आधी नाही. मुलगी रोज वेगळ्या वेळी ‘मैत्रिणीकडे नोट्स आणायला’ जाते, हे आईच्या लक्षात येणारच. खलनायकाची गरजच नाही, भरतीचं वेळापत्रक पुरेसं आहे.

जूनमध्ये तर आणखी मजा. रात्र जेमतेम पावणेअकरा तासांची. पंधरवड्यात एक-दोन दिवस असे येतात की एक भरती सकाळी उजाडल्यावर आणि दुसरी संध्याकाळी ऊन असतानाच येऊन जाते. मधल्या अख्ख्या रात्रीत भरती नाही. त्या रात्री तो येऊच शकत नाही. रुसवे, गैरसमज, ‘तू आला नाहीस’ हे सगळं कुणाला मूर्ख न बनवता घडतं. शिवाय उशीर झाला तर परतीची भरती चुकली आणि तो पहाटेपर्यंत ऐरोलीतच अडकला. मग सूर्य आहेच.

दीडशे वर्षांचा मुलगा अकरावीत कसा?

प्लेगच्या साथीत, म्हणजे १८९६ नंतर कधीतरी, सतराव्या वर्षी ‘थांबलेला’ मुलगा ज्युनिअर कॉलेजात बसलेला असतो. दहावीचं मार्कशीट कुठलं? शाळा सोडल्याचा दाखला? आधार कार्ड वाटायला २०१० साली सुरुवात झाली. त्यावर जन्मसाल काय टाकलं? सकाळी सातच्या लेक्चरला तो येतो कसा? आणि मुख्य म्हणजे, का येतो? इतकी वर्षं जगून अकरावीचं केमिस्ट्री कोण करेल?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्याला कॉलेजात घालूच नका. वाशीच्या एपीएमसीत भाजीच्या गाड्या रात्रीच उतरतात. तिथे फक्त अंधारात काम करणाऱ्या पोऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. अर्थात मग खाडीची बाजू बदलते, पंचनामा पुन्हा करावा लागेल.

त्याच्या बोलण्याचंही बघा. चांगल्या भाषेचा हा खास तोटा आहे की नायिका, नायक, आजी, सगळे लेखकासारखेच सुंदर बोलतात. हा मुलगा आणे-पै मोजत मोठा झालाय. दशमान नाणी आली १९५७ साली. त्या काळी शिकलेला मुलगा पत्र लिहील तर बहुधा मोडीत. त्याने तिला प्रेमपत्र दिलं आणि तिला एक अक्षर वाचता आलं नाही, तर? मोडी वाचणारं माणूस शोधावं लागेल, म्हणजे गुपित तिसऱ्याला कळेल. ‘त्याच्या नजरेत शतकं साचली होती’ या वाक्यापेक्षा तो कागद जास्त बोलतो.

आणि एवढ्या वयाचा माणूस सोळा वर्षांच्या मुलीत काय बघतो? ‘तिच्या रक्ताला वेगळाच गंध होता’ हे प्रेमाचं कारण होत नाही, ती भूक झाली. भूकच दाखवायची असेल तर खुशाल दाखवा, पण नायिकेला कधीतरी ते कळू द्या. हा प्रश्न टाळलेली कथा कितीही देखणी असली तरी मला ती अप्रामाणिक वाटते.

भुकेचा हिशोब

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. रक्तदानात एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात, आणि पुन्हा देण्याआधी पुरुषांना तीन तर स्त्रियांना चार महिने थांबायला सांगतात. तुमची नायिका ‘रोज थोडंसं’ देते आणि बारावीची प्रॅक्टिकल्सही देते. कठीण आहे. रक्तपेढीतून पिशव्या पळवत असेल तर त्या फ्रिजमध्ये पाच-सहा आठवडेच टिकतात, आणि तिथे एकेका पिशवीची नोंद असते.

येऊरच्या जंगलातली हरणं? चालेल, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. बिबट्यांच्या गणतीसाठी तिथे कॅमेरा ट्रॅप लावतात. (आरशात न दिसणारा व्हॅम्पायर कॅमेऱ्यात दिसतो का, हे तुम्हीच ठरवा. नुसतंच मेलेलं हरीण दिसलं तरी वनखात्याला झोप येणार नाही.)

बाकीच्या किरकोळ गळती

नायिका दोन रात्री घरी नाही आणि आई नुसती ‘काळजीत’ असते. अठराच्या आतलं मूल बेपत्ता झालं की पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. सर्वोच्च न्यायालयाचे २०१३ पासून तसे निर्देश आहेत. क्लासवाले तर गैरहजेरीचा मेसेज तासाभरात पाठवतात. आणि शेवटच्या मारामारीत नायकाला अचानक नवीन शक्ती फुटू देऊ नका. ती पहिल्या पन्नास पानांत एकदा, क्षुल्लक कामासाठी वापरलेली दिसली पाहिजे, आणि वापरल्यावर त्याला काहीतरी मोजावं लागलेलं दिसलं पाहिजे.

दुरुस्ती कुठे थांबवायची

हे वाचून प्रत्येक गोष्टीचा खुलासा करत सुटाल तर कथा सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखी होईल. व्हॅम्पायरचं हृदय बंद असताना तो लाजतो कसा, हे कुणी विचारत नाही. तीन नियम निवडा, ते घट्ट पाळा, बाकीच्या बाबतीत गप्प बसा. आधी घटना दुरुस्त करा, वाक्यांना शेवटी हात लावा. उलटं केलंत तर जी वाक्यं उडवायची असतात तीच घासूनपुसून आणखी लाडकी होतात.

मसुदा वाचायला देताना कवितेची आवड असलेली मैत्रीण टाळा, ती भाषेवरच भाळेल. आठवीतला भाऊ, मामेबहीण, कुणीतरी ‘पण मग’ विचारणारं माणूस पकडा. त्यांना ‘कशी वाटली?’ विचारू नका. जिथे थांबावंसं वाटलं तिथे समासात फुली मारायला सांगा. दोघांची फुली एकाच पानावर पडली असेल तर कामाला तिथूनच लागा, मग ते पान तुमचं कितीही लाडकं असो.