टक्केवारीपासून रेणुसूत्रापर्यंत: रबाळ्याच्या प्रयोगशाळेतील पहिला आठवडा

बी.एस्सी. झाल्यावर मी ठाण्याहून रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्रयोगशाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून जाऊ लागलो, तेव्हा एम्पिरिकल फॉर्म्युल्यावरून (संयुगातील अणूंचे सर्वांत लहान पूर्णांकी गुणोत्तर) रेणुसूत्र (एका रेणूतील प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूंची खरी संख्या) काढणे हे अकरावीतच संपलेले प्रकरण आहे, अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात सरावासाठी एका पांढऱ्या भुकटीचे आकडे हाती आले: कार्बन ४०.९२ टक्के, हायड्रोजन ४.५८ टक्के, उरलेला ५४.५० टक्के ऑक्सिजन आणि रेणुवस्तुमान १७६.

पदार्थ १०० ग्रॅम धरून प्रत्येक आकड्याला त्या त्या अणुवस्तुमानाने भागले, की मोल (अणूंची संख्या मोजण्याचे एकक) मिळतात: ३.४१, ४.५४ आणि ३.४१. सर्वांत लहान संख्येने भागल्यावर गुणोत्तर १ : १.३३ : १ असे आले आणि मी १.३३ चा सरळ १ केला. त्या सूत्राचे वस्तुमान २९. १७६ ला २९ ने भागल्यावर आलेले ६.०७ मी ६ धरले आणि तिन्ही मूलद्रव्यांचे सहा-सहा अणू लिहून वही वरिष्ठ मॅडमपुढे ठेवली. "याचे वस्तुमान किती भरते?" एवढेच त्यांनी विचारले. ते १७४ भरत होते.

१.३३ म्हणजे चार तृतीयांश, म्हणून सगळे गुणोत्तर ३ ने गुणायला हवे होते. तसे केल्यावर तीन कार्बन, चार हायड्रोजन, तीन ऑक्सिजन, वस्तुमान ८८, आणि १७६ भागिले ८८ म्हणजे नेमके २. सहा कार्बन, आठ हायड्रोजन, सहा ऑक्सिजन: क जीवनसत्त्व. मी लिहिलेले सूत्रही खऱ्याच संयुगाचे होते. क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण होऊन दोन हायड्रोजन गेले, की जे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल उरते, त्याचे. औषधाच्या नमुन्यात हा फरक किती महत्त्वाचा असतो, हे नव्याने येणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावे. दशांश .५ असेल तर २ ने, .३३ किंवा .६७ असेल तर ३ ने, .२५ असेल तर ४ ने गुणावे.

नुसत्या टक्केवारीवरून मात्र रेणुसूत्र कधीच ठरत नाही. फॉर्मल्डिहाइड, ॲसेटिक आम्ल आणि ग्लुकोज या तिन्हींत कार्बन ४० टक्केच असतो. रेणुवस्तुमाने ३०, ६० आणि १८० आहेत, हे कळल्यावरच ती वेगळी ओळखता येतात. म्हणून मास स्पेक्ट्रोमीटरचा (रेणुवस्तुमान मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा आल्याखेरीज पुढची पायरी लिहू नये.

ऑक्सिजन बहुधा थेट न मोजता वजाबाकीने काढला जात असल्यामुळे इतर दोन मोजमापांतील चुका त्यातच जमा होतात. नवी मुंबईच्या पावसाळी हवेत नमुना पूर्ण सुकवला नसेल, तर ओलाव्यातील पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही वाढवून दाखवते. त्यामुळे आकडे पटेनासे झाले, की मी आधी डेसिकेटर (नमुना कोरडा ठेवणारे बंद भांडे) तपासतो आणि मगच गणित.