अर्ध्यात बिऱ्हाड, अर्ध्यात होडी

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडे जागा आहे आणि अर्ध्यात राहायला, अर्ध्यात होडी बांधायला प्रीफॅब घराचं (तयार भाग जोडून उभारायच्या घराचं) किट मागवताय? आधी होडीची लांबी ठरवा, घराची नंतर. १६ फुटी होडीला २४ फूट शेड तरी हवीच. टोकाला रंधा मारायला माणूस उभा राहायला नको का? समोर पॅनेलऐवजी रोलिंग शटर घ्या, होडी ट्रॉलीसकट निघेल एवढं रुंद. होडीचं प्लायवूड आयएस ७१० शिक्क्याचंच, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय.

पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून बिऱ्हाड पश्चिमेला, शेड पूर्वेला, म्हणजे शेडमधली धूळ घराकडे येत नाही. इपॉक्सी, म्हणजे होडीला लावायचा दोन भाग मिसळून घट्ट होणारा राळेसारखा चिकट पदार्थ, घासल्यावरची धूळ भारी चिवट. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीवरही बसते. मधल्या दाराला रबरी पट्टी लावाच, आणि घासताना मास्क. डिसेंबरच्या थंडीत इपॉक्सी लवकर धरत नाही, तेव्हा डबे घट्ट झाकून उबदार कोपऱ्यात ठेवा.