अवकाश प्रक्षेपणाची स्मृतिकार्डे: अधिकृत आणि खासगी ओळखताना या चुका टाळा

अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांच्या काळातले एखादे स्मृतिकार्ड किंवा कव्हर (म्हणजे स्मरणार्थ शिक्का मारलेले टपालाचे पाकीट) हाती आले, की नव्या संग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे अधिकृत आहे का?" माझ्या मते गोंधळाला सुरुवात या प्रश्नापासूनच होते. एका कार्डावर चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. मूळ कार्ड किंवा पाकीट, त्यावरचे छापील चित्र किंवा मजकूर (संग्राहक त्याला कॅशे म्हणतात), तिकिटावर उमटलेला टपालाचा शिक्का, आणि त्या कार्डाचा प्रवास, म्हणजे ते जमिनीवरच राहिले की यानातून जाऊन आले. या चारही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतात. शिक्का सरकारी आणि चित्र खासगी, असे कार्ड तर सर्रास आढळते. म्हणून प्रश्न चार वेळा, प्रत्येक गोष्टीबाबत वेगळा विचारावा लागतो.

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे शिक्का खरा दिसला की संपूर्ण कार्ड अधिकृत धरणे. अमेरिकेत प्रक्षेपणाच्या आधी संग्राहक आणि व्यापारी स्वतः छापलेली, तिकिटे लावलेली, पत्ता घातलेली पाकिटे केप केनेडी किंवा केनेडी स्पेस सेंटर या प्रक्षेपणस्थळांच्या टपाल कार्यालयाकडे पाठवत, आणि प्रक्षेपणाच्या दिवशी त्यांवर शिक्का मारून ती परत येत. टपाल खात्याने दिलेली ग्वाही एवढीच, की या ठिकाणी या तारखेचा शिक्का या तिकिटावर मारला गेला. शेजारचे रंगीत रॉकेट कोणी काढले, कोणी छापले, किती प्रती काढल्या, याच्याशी त्या खात्याचा काही संबंध नसे. अपोलो ११ च्या प्रक्षेपणाची, म्हणजे १६ जुलै १९६९ ची, जी कव्हरे आज विक्रीला दिसतात, त्यांतील पुष्कळशी याच पद्धतीची आहेत. ती खरी आहेत. फक्त ती अवकाश संस्थेने काढलेली नाहीत.

दुसरी चूक बोधचिन्हाची. कार्डावर नासाचे चिन्ह किंवा मोहिमेचे गोल पदकचित्र असले, की ते नासाने काढले असावे असे वाटते. मोहिमेची पदकचित्रे खासगी प्रकाशकांनी सुरुवातीपासून मुक्तपणे वापरली आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. "अधिकृत" हा छापील शब्दही तसाच. तो छापणाऱ्याने स्वतःच छापलेला असतो, आणि बहुधा कोणाच्या वतीने अधिकृत हे त्यात सांगितलेले नसते. मात्र चिन्हाचा एक वेगळा आणि फार चांगला उपयोग आहे, तो काळ ठरवण्यासाठी. निळ्या वर्तुळातले तारे आणि लाल पंख असलेले चिन्ह १९५९ चे. सलग वळणदार लाल अक्षरांचे चिन्ह १९७५ मध्ये आले, १९९२ मध्ये मागे घेतले गेले आणि २०२० मध्ये पुन्हा वापरात आले.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका विक्रेत्याकडून मी अपोलो ११ चे म्हणून एक कार्ड घेतले होते. शिक्का १६ जुलै १९६९ चा, स्पष्ट आणि निःसंशय खरा. तिकीटही त्या काळचे. डाव्या बाजूला चांद्रयानाचे चित्र आणि त्याखाली लहान आकारात तीच वळणदार लाल अक्षरे. १९६९ मध्ये ती अक्षरे अस्तित्वातच नव्हती. भिंगाखाली पाहिल्यावर उरलेला उलगडाही झाला. शिक्क्याचे डावे टोक चित्राच्या कडेपर्यंत पोहोचले होते, आणि तेथे छपाईची लाल शाई शिक्क्याच्या काळ्या शाईच्या वर बसलेली होती. म्हणजे साध्या पाकिटावर आधी शिक्का बसला आणि चित्र नंतर कधीतरी छापले गेले. अशा नंतर चढवलेल्या कॅशेंची संख्या बरीच आहे, आणि विकताना ही गोष्ट सांगितली जात नाही, याचे मला आजही वाईट वाटते. जेथे शिक्का आणि छपाई एकमेकांना स्पर्श करतात ती जागा सर्वप्रथम तपासावी. भिंगात छपाईचे ठिपकेही पाहावेत. साठच्या दशकातल्या म्हणवणाऱ्या कार्डावर घरगुती प्रिंटरचे विखुरलेले शाईचे तुषार किंवा चकाकणारी टोनरची भुकटी दिसली, तर पुढची चर्चा अनावश्यक आहे.

तारखांकडे दुर्लक्ष करणे ही तिसरी चूक. आणि मला विचाराल तर सर्वांत खर्चीक. तिकीट प्रसिद्ध होण्याच्या आधीचा शिक्का त्यावर असू शकत नाही, एवढा साधा नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ बनावट कार्डे बाजूला पडतात. अपोलो ८ चे प्रक्षेपण २१ डिसेंबर १९६८ रोजी झाले, पण त्या मोहिमेचे ६ सेंटचे तिकीट ५ मे १९६९ रोजी निघाले. तेव्हा त्या तिकिटावर डिसेंबरमधला प्रक्षेपणाचा शिक्का दिसला तर तो खरा असणे शक्य नाही. तेच तिकीट अपोलो ११ च्या प्रक्षेपणाच्या कव्हरावर मात्र अगदी योग्य ठरते. स्थळांच्या नावांनाही असाच इतिहास आहे. केप कॅनव्हेरलचे नाव २८ नोव्हेंबर १९६३ रोजी केप केनेडी झाले आणि १९७३ मध्ये जुने नाव परत आले. अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांचे उड्डाण २० फेब्रुवारी १९६२ चे. त्या दिवसाच्या कार्डावर "केप केनेडी" छापलेले असेल, तर ते कार्ड निदान पावणेदोन वर्षांनी छापले गेले आहे. प्रकाशकाच्या पत्त्यात झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) असेल, तर तो मजकूर १ जुलै १९६३ च्या आधीचा बहुधा नाही, कारण ती पद्धतच त्या दिवशी सुरू झाली.

परंतु तारखांचा मेळ बसत नाही म्हणून घाईने कार्ड खोटे ठरवणे हीसुद्धा चूकच आहे. चंद्रावरील पहिल्या पावलाचे १० सेंटचे तिकीट ९ सप्टेंबर १९६९ रोजी प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या पहिल्या दिवसाच्या कव्हरांवर (तिकीट निघाले त्याच दिवसाचा शिक्का असलेल्या पाकिटांवर) त्या तारखेच्या वॉशिंग्टनच्या शिक्क्यासोबत २० जुलै १९६९ या तारखेचा चांद्र अवतरणाचा शिक्काही आहे. तो टपाल खात्यानेच मारला, पृथ्वीवर मारला, आणि तो खरा आहे. तो पाहून काही जण कव्हर चंद्रावरून आले असे समजतात, तर काही जण तिकिटाआधीची तारीख पाहून ते बनावट समजतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. टपाल खात्याने अपोलो ११ च्या अंतराळवीरांसोबत पाठवलेले पाकीट एकच होते, आणि त्यावरचा शिक्काही त्यांनी परतीच्या प्रवासात, २२ जुलैला मारला. अपोलो १७ चे प्रक्षेपण ६ डिसेंबर १९७२ च्या रात्री ९ वाजून ५३ मिनिटांनी ठरले होते, पण ते २ तास ४० मिनिटे लांबले आणि स्थानिक घड्याळाप्रमाणे ७ तारीख उजाडली. आधी छापून ठेवलेल्या मजकुरातली तारीख आणि शिक्क्याची तारीख यांत एका दिवसाचा फरक का पडू शकतो, हे अशा वेळी उघड होते. उलट प्रक्षेपण पुढे गेले असूनही रद्द झालेल्या दिवसाचा शिक्का असलेले कव्हर "प्रक्षेपणाचे" म्हणून दिले जात असेल, तर प्रत्यक्ष उड्डाणाची तारीख स्वतः पडताळावी.

यानातून जाऊन आलेले ते सर्व अधिकृत, ही समजूत अपोलो १५ ने कायमची खोटी ठरवली आहे. १९७१ च्या त्या मोहिमेत स्कॉट, वर्डेन आणि अर्विन यांनी परवानगी नसलेली ३९८ कव्हरे चंद्रापर्यंत नेऊन परत आणली. त्यांवर केनेडी स्पेस सेंटरचा २६ जुलैचा शिक्का आहे आणि यान समुद्रात उतरल्यावर ओकिनावा या जहाजावर मारलेला ७ ऑगस्टचाही आहे. दुसऱ्या शिक्क्याखालची जोड तिकिटे २ ऑगस्टला, म्हणजे हे तिघे अवकाशात असताना, प्रसिद्ध झाली होती, त्यामुळे ती पृथ्वीवर परतल्यावरच लावता आली. त्यांतली १०० कव्हरे एका जर्मन व्यापाऱ्याकडे गेली. उरलेली सरकारने ताब्यात घेतली आणि १९८३ मध्ये अंतराळवीरांना परत केली. त्याच यानातून परवानगी असलेली कव्हरेही गेली होती. म्हणजे शिक्के खरे, चंद्राचा प्रवास खरा, आणि तरीही कव्हर अनधिकृत. याच्या उलट टोकाला १९८३ मधली चॅलेंजर यानाची एसटीएस-८ ही मोहीम आहे, जिच्यातून टपाल खाते आणि नासा यांनी मिळून सुमारे २,६०,००० कव्हरे पाठवली आणि ९.३५ डॉलरचे तिकीट लावलेले प्रत्येक कव्हर १५.३५ डॉलरला विकले. ही कव्हरे पूर्णपणे अधिकृत आहेत आणि खरोखर अवकाशात जाऊन आलेली आहेत, पण संख्येमुळे दुर्मीळ मात्र नाहीत. कव्हरवरचा "उड्डाण" हा शब्द ते कव्हर कशाच्या स्मरणार्थ आहे एवढेच सांगतो, की ते प्रत्यक्ष नेले होते असा दावा करतो, हे पूर्ण वाक्य नीट वाचून ठरवावे. दावा असेल तर त्याला अनुक्रमांक, प्रमाणपत्र किंवा अंतराळवीराच्या हस्ताक्षरातील नोंद यांचा आधार हवा.

स्वाक्षरीबद्दल थोडक्यात सांगतो. स्वाक्षरीमुळे कार्ड अधिकृत होत नाही, आणि कित्येकदा ती हातची नसतेच. नासाच्या छायाचित्रांवर छापील स्वाक्षऱ्या असत, शिवाय यंत्राने पेन फिरवून केलेल्या स्वाक्षऱ्याही मोठ्या प्रमाणावर पाठवल्या गेल्या. दोन कार्डांवरच्या स्वाक्षऱ्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या, तर त्या यंत्राच्या आहेत, कारण माणसाची सही दोनदा हुबेहूब येत नाही.

शेवटची चूक उलट दिशेची आहे, आणि तिच्यामुळे चांगल्या वस्तू कवडीमोलाने दिल्या जातात. खासगी म्हणजे बनावट नव्हे. अपोलो ११ चे अंतराळवीर ज्या हॉर्नेट जहाजावर २४ जुलै १९६९ रोजी पोहोचले, त्या जहाजाच्या टपाल कार्यालयाचा शिक्का असलेले खासगी छपाईचे कव्हर हा त्या दिवसाचा अस्सल पुरावा आहे. बनावट ते, ज्यात शिक्का, तारीख किंवा प्रवास यांबद्दल खोटे सांगितलेले असते.

त्या फसलेल्या कार्डाच्या खाली माझ्या संग्रहात आता चार ओळी आहेत: पाकीट साधे, तत्कालीन; शिक्का अस्सल, १६ जुलै १९६९; कॅशे खासगी, १९७५ नंतर चढवलेला; अवकाशात नेलेले नाही. नवे कार्ड आले, की याच चार ओळी आधी पेन्सिलीने लिहितो, आणि ज्या ओळीचा आधार सापडलेला नसतो ती रिकामी ठेवतो.