मुत्सद्द्याच्या कारकिर्दीचे टिपण कसे तयार करावे: डुकवित्स यांचे उदाहरण

डॉ. कोटणीसांवर निबंध लिहीत मोठ्या झालेल्या आम्हा सोलापूरकरांच्या लेखणीला, परमुलखात नाव काढलेल्या माणसाला पहिल्याच ओळीत थोर ठरवून मोकळे होण्याची सवय जडलेली आहे. मुत्सद्द्यावर टिपण लिहिताना ती आधी बाजूला ठेवावी. जर्मन मुत्सद्दी गेओर्ग फर्डिनांड डुकवित्स यांचेच उदाहरण घेऊ.

प्रथम खतावणीचा एक लांब कागद घेऊन त्यावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे वर्ष, ठिकाण आणि पद लिहावे. उजवीकडे त्या माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर काय केले, तेवढेच लिहावे. १९०४ ब्रेमेन येथे जन्म, १९३२ नाझी पक्षात प्रवेश, १९३९ कोपनहेगनच्या जर्मन वकिलातीत जहाज वाहतुकीचे जाणकार, १९५५ डेन्मार्कमध्ये राजदूत, १९६१ ते १९६५ भारतात राजदूत, अशी डावी बाजू भराभर भरते. उजवी बाजू बरीचशी कोरी राहते, आणि ती कोरीच ठेवावी. १९३२ची नोंद अडचणीची वाटली तरी गाळू नये. ती गाळली तर पुढच्या कृतीचे वजनच कळत नाही.

उजवीकडे गच्च भरते ते १९४३चे वर्ष. तेथे वर्ष पुरत नाही, तारखा लागतात. सप्टेंबरमध्ये, जर्मनीने व्यापलेल्या डेन्मार्कमधील ज्यूंच्या धरपकडीचा नाझींचा बेत त्यांना कळला. बर्लिनला जाऊन तो थोपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, मग स्टॉकहोमला जाऊन स्वीडनच्या पंतप्रधानांची भेट घेतली, आणि २८ सप्टेंबरला डॅनिश समाजवादी नेते हान्स हेडटॉफ्ट यांना बातमी दिली. १ ऑक्टोबरच्या रात्री धरपकड सुरू झाली तेव्हा बहुतेक घरे रिकामी होती. सात हजारांहून अधिक ज्यू मचव्यांतून स्वीडनला पोहोचले. मात्र ‘डुकवित्स यांनी सात हजार प्राण वाचवले’ असे लिहू नये. बातमी त्यांची, पण नावा, नावाडी आणि आसरा देणारी घरे डॅनिश लोकांची होती.

त्यानंतर देशाचे नाव तपासावे. आमच्याकडील बहुतेक टिपणांत चूक सापडते ती येथेच. १९६१मध्ये ते दिल्लीत आले ते पश्चिम जर्मनीचे राजदूत म्हणून. त्यांची राजधानी बॉन होती, बर्लिन नव्हे. नुसते ‘जर्मनीचे राजदूत’ लिहिल्यास पूर्व जर्मनी कोठे गेला, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. त्याला भारताची मान्यता १९७२मध्ये मिळाली.

निवृत्तीनंतरचा भाग दोन वाक्यांत आटोपावा. विली ब्रांट परराष्ट्रमंत्री असताना १९६७मध्ये त्यांना सचिवपदावर परत बोलावण्यात आले आणि १९७०च्या पोलंडशी झालेल्या कराराच्या वाटाघाटी त्यांनी केल्या. १९७१मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्या परधर्मीयांसाठीचा आपला सन्मान त्यांना दिला. १९७३मध्ये त्यांचे निधन झाले.

टिपणाची पहिली ओळ सर्वांत शेवटी लिहावी, आणि ती जन्मवर्षाऐवजी २८ सप्टेंबरपासून सुरू करावी.