पावसाळ्यात गंजणाऱ्या सुया

दर पावसाळ्यात रत्नागिरीच्या घरी माझ्या शिलाई मशीनच्या सुया गंजायच्या. १४ नंबरची असो की १६ ची, गंजलेली सुई कापडात अडकते, धागा तोडते, आणि पांढऱ्या पोलक्यावर तांबडा डाग पाडते तेव्हा जीव हळहळतो. दोष डब्याचा होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण सैल, आत कापसाची पिनकुशन. कापूस ओल धरतो आणि सुया रात्रंदिवस त्यातच खोचलेल्या.

आता सुया जॅमच्या रिकाम्या काचेच्या बरणीत असतात. बरणी धुऊन दोन दिवस उन्हात वाळवली. (लोणच्याची नको, वास जात नाही.) तळाशी बुटांच्या खोक्यातली, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवली. सुयांना मशीनच्या तेलाचं बोट पुसलं आणि जाड कागदात टोचून ठेवल्या. वापरण्याआधी चिंधीवर दोन-चार टाके घालायचेच, नाहीतर तेल नव्या कापडाला लागतं.

बॉबिन (मशीनच्या खालच्या दोऱ्याची छोटी रिळं) मात्र पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या नळीत एकावर एक रचते. त्या नळीच्या झाकणातच ओल शोषणारे दाणे असतात. दोरे सुटून होणारा गुंताही थांबला.

गेल्या पावसाळ्यात एकही सुई फेकावी लागली नाही.